दारापर्यंतची करकर

*वेणीवर वेणी घालू, चामड्याला आली लय,*
*माझ्या बाळीच्या पावलांना काट्याकुट्याचं न्हाई भय…*

आईचा आवाज दोन्ही कानांत भरून राहिला होता. मी डोळे मिटून निसारभाईंच्या दुकानातल्या उंच स्टुलावर बसले होते. आईला जाऊन दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती, पण या हेडफोनमध्ये ती अशी भरदार गात होती, की आत्ता हात लांब केला तर तिच्या पदराला लागेल.

"कसाय?" निसारभाईंनी काउंटरच्या काचेवर बोट वाजवलं.

मी एक कान मोकळा केला. "गोड आहे."

"गोड?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "हेडफोन हाय पोरी, बासुंदी न्हाई. पावलं ऐकू येत्यात का ते सांग."

त्यांनी समोरच्या संगणकावर आमच्या खेळातला एक तुकडा लावला. रिकामं गोदाम, पत्र्याचं छप्पर, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी येतंय. मी जीव कानात आणून ऐकलं. आधी स्फोट झाला आणि छातीपर्यंत हादरा बसला. त्यामागं नुसता ढगासारखा घुमारा. त्या घुमाऱ्यात माणूस कुठं होता, डावीकडं की उजवीकडं, पत्र्यावर की लाकडी जिन्यावर, काही म्हणता काही कळेना.

"नाही," मी म्हणाले. आणि माझा आवाज मलाच रडका वाटला.

खेळ पाच जणांविरुद्ध पाच जणांचा. बंदुका, गोदामं, गल्ल्या. बघणाऱ्याला वाटतं सगळा डोळ्यांचा आणि बोटांचा कारभार आहे. पण शत्रू दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याच्या आधी त्याची पावलं येतात. आमच्या संघात ती पावलं ऐकायचं काम माझं होतं. मी म्हणायची, "दोघं, जिन्यावर, एक थांबलाय," आणि बाकीचे चौघं डोळे झाकून माझ्यावर विसंबायचे. संघात मला मयुरा कुणी म्हणत नसे. 'कान' म्हणत.

आणि गेला महिनाभर तो कान बधिर झाल्यासारखा झाला होता. मी डावीकडं म्हणायची आणि माणूस पाठीमागून यायचा. ओळीनं सामने गेले. आमचा कप्तान सर्वेश पुण्याचा. त्यानं त्या दिवशी सकाळी फोन करून सरळ सांगितलं होतं, "हे बघ, राग मानू नकोस. आज संध्याकाळी निवडीचा सामना आहे. आजही असंच झालं तर मी दुसरी मुलगी घेतोय. पुण्यात संघ राहणार आहे त्या घरात पाचच खाटा आहेत."

त्या पाचातली एक खाट मला हवी होती. कप नको, नाव नको, ती खाट हवी होती. कारण ती खाट कोल्हापुरात नव्हती, आमच्या गल्लीत नव्हती, आबांच्या घरात नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. पैसे तेच देणार होते म्हणून सोबत आले होते, आणि तेव्हा दुकानाच्या दारातच उभे होते. काचेचं दार, आत गुळगुळीत फरशी. आबांनी वहाणा बाहेर पायरीवर काढल्या होत्या आणि अनवाणी पायांनी उंबऱ्याशी उभे होते, आत येऊ की नको असे. ते कुठल्याही दारात असेच उभे राहायचे.

"आबा, या की आत," निसारभाई म्हणाले. "तुमच्या हातची व्हाण घालून मी नवरदेव झालो. गल्लीच्या तोंडाला करकर ऐकूनच सासऱ्यानं वळखलं, जावई आला म्हणून. आनि तुमी दारात?"

"र्‍हाऊ दे, हितंच बरा हाय," आबा म्हणाले.

आमच्या घरी कोल्हापुरी वहाणा बनत. आबा तळ कापायचे, ठोकायचे, शिवायचे. आई पट्ट्यांच्या वेण्या घालायची आणि वेण्या घालताना ओव्या म्हणायची. आबांच्या वहाणेला करकर असायची. दोन तळांच्या मध्ये बिया घालून ते ती करकर आणत, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची चाल बघून बिया मांडत. त्यांची स्वतःची वहाण तर मी झोपेतही ओळखायची. लहानपणी कधीतरी पडल्यामुळं ते उजवा पाय जरा ओढत चालायचे. डावं पाऊल नुसतं 'कर्र'. उजवं 'कर्र-र्र', शेपूट लावल्यासारखं. कर्र… कर्र-र्र. कर्र… कर्र-र्र.

माझे कान तयार झाले ते याच करकरीवर. नऊ वर्षांची होते. आई दवाखान्यात होती, शेवटचे दिवस होते आणि ते शेवटचे आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळा सुटली की मावशी मला तिकडं न्यायची. लहान म्हणून मला आत सोडत नसत. मग मी व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि ऐकायची. किती पावलं असतात दवाखान्यात! नर्सच्या सपाता, डॉक्टरांचे बूट, ढकलगाडीची चाकं, म्हाताऱ्यांच्या काठ्या. त्या सगळ्यांतून मी एक करकर शोधत बसायची. आत्ता येईल. आत्ता जिन्यावर वाजेल.

ती कधीच आली नाही. आई गेली त्या दिवशी मावशी सगळ्या बायकांसमोर कपाळ बडवून म्हणाली, "माझी बहीण झिजून झिजून गेली, पन तिच्या दादल्याचं पाऊल म्हून लागलं न्हाई दवाखान्याला!" आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. नाही म्हणून सांगितलं नाही.

त्यानंतर आम्ही दोघं एका घरात राहिलो, दोन भाडेकरू राहावेत तसे. त्यांची हातोडी चाले, माझा खेळ चाले. ते आले की मी हेडफोन चढवायची. ती करकर मला ऐकायची नव्हती.

"पोरी, ते दुसरं लावून बघ," निसारभाईंनी नवा डबा फोडला. "ह्यात साताठ बाजूनं आवाज येतो म्हणे. मागनं, पुढनं, वरनं."

लावला. आणि आई एकदम विहिरीच्या तळाशी जाऊन गायला लागली. खेळ लावला, तर सगळीच पावलं त्याच विहिरीत. लांब, गोल, कुठूनही येणारी. मी तो ओढून काढला.

"बरं, मला एक सांग," निसारभाई जरा पुढं झुकले. "हे गाणं काय लावतीस सारखं? गिऱ्हाईक येतं ते खेळ लावून बघतं. तू आधी गाणं लावतीस."

"हा आवाज मला पाठ आहे," मी म्हणाले. "म्हणून."

खरं तेच होतं. मावशीनं आपल्या जुन्या मोबाइलवर आईच्या ओव्या भरून घेतल्या होत्या, आई गेली त्याच आठवड्यात. पुढं मी तिच्याकडून त्या घेतल्या आणि फोन बदलत गेले तशा सोबत नेत गेले. आबांना ते माहीत नव्हतं. कुठलाही हेडफोन हातात आला की मी आधी आईला ऐकायची. ज्यात ती भरलेली, धष्टपुष्ट, जवळची वाटेल तो चांगला. मी असेच निवडत आले होते, आणि कुणी विचारलं असतं तर हसून म्हणाले असते, प्रत्येकाची आवड.

"जुना कुठाय तुझा? ज्यानं जिंकत होतीस त्यो?"

मी पिशवीतून काढून दिला. निसारभाईंनी तो उलटासुलटा केला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कानाच्या गाद्यांवरून अंगठा फिरवला.

"ह्या गाद्या कुणी बसवल्या?"

"का?"

"मूळच्या कापडाच्या व्हत्या. जाळीदार. हे तर कातडं हाय. बघ की, काय मऊ कमावलंय! आनि टाका बघ, मुंगीसारखा." ते कौतुकानं बघत राहिले, मग त्यांच्या ध्यानात आलं आणि आवाज खाली आला. "पन पोरी, ह्यानंच घात झालाय. कातड्यानं कान हवाबंद झाला. खालचा घुमारा आत कोंडला. पावलं त्याच्याखाली गाडली गेली."

मी दाराकडं पाहिलं.

जुन्या गाद्या महिन्याभरापूर्वी फाटल्या होत्या, स्पंज बाहेर आला होता. एके दिवशी कॉलेजातून आले तर हेडफोन टेबलावर होता आणि त्याला नव्या, बदामी गाद्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. लावल्या तेव्हा आईचा आवाज अजूनच भरला होता, आणि मला ते आवडलं होतं.

"तुम्ही," मी म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आबांनी हात पुढं करून परत मागं घेतला. "फाटल्या व्हत्या… कान लाल व्हायचं तुझं. म्हनलं, वासराचं मऊ कातडं हाय, तर…"

"तर काय? विचारायचं नाही? बोलायचं नाही? माझ्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढं कळत नाही?" मी स्टुलावरून उतरले होते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती खाली बघायला लागली. "महिनाभर मी वेड्यासारखी… मला वाटलं माझे कानच गेले. डॉक्टरकडं जाऊन आले मी! आज संध्याकाळी मला काढून टाकणार आहेत, आबा. त्या घरातून सुटायची एक वाट होती मला. एक. तीही तुम्ही शिवून बंद केलीत."

"मयी…"

"जिथं यायचं तिथं आला नाहीत. आणि आता नको तिथं येताय."

निसारभाईंनी उगीच एक वायर गुंडाळायला घेतली. आबांनी माझ्याकडं पाहिलं. कुणी चामडं शिवायची आरी टोचावी आणि टोचून घेणाऱ्यानं 'हूं' करू नये, तसं. मग ते वळले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले, रस्त्याकडं तोंड करून.

मी परत स्टुलावर चढले. डोळ्यांसमोरचं काही नीट दिसत नव्हतं. घड्याळ पुढं चाललं होतं.

"हे एक ऱ्हायलंय," निसारभाई हळूच म्हणाले. "कुनी घेत न्हाई. बाहेरनं उघडं असतंय, जाळीचं. गाद्या कापडाच्या. आवाज लई कोरडा. पोरं म्हनत्यात, ह्यात जीव न्हाई. बघ आवडतंय का."

मी लावला. आणि आधी आईच लावली.

*वेणीवर वेणी घालू…*

मला तो काढून फेकावासा वाटला. ती आई नव्हती. पातळ, चिरका, दमलेला आवाज. दर शब्दाआधी श्वास ओढल्याचं ऐकू येत होतं, सुकलेल्या ओठांची चटचट ऐकू येत होती. इतकी वर्षं मी जिला ऐकत आले होते ती धडधाकट बाई होती. ही बाई मरत होती. ती अशीच गायली होती. भरदारपणा सगळा हेडफोनांचा होता.

तरी मी काढला नाही. ज्या पंख्याच्या घरघरीवर आईचा आवाज नेहमी तरंगायचा, ती घरघर या हेडफोनमध्ये जवळजवळ नव्हतीच. ती बाजूला सरली होती आणि तिच्यामागची खोली उघडी पडली होती. पितळी भांडं ठेवल्याचा आवाज. खिडकीबाहेर कावळा. लांबवर कुणाची तरी खोकल्याची उबळ.

पहिली ओवी संपली. इथं आईचा आवाज नेहमी तुटतो. दुसऱ्या ओवीचा पहिला शब्द ती उचलते, "माझ्या…" म्हणते, आणि थांबते. मला वाटायचं, तिला दम लागला.

कर्र… कर्र-र्र.

माझं अंगच पेटलं. मी इथं जीव टांगून बसलेय आणि हा माणूस बाहेर फेऱ्या मारतोय! हेडफोन उघडा होता, बाहेरचे आवाज आत येत होते. मी मान वळवून दाराकडं पाहिलं.

आबा पायरीवर बसले होते. पाठमोरे. अनवाणी. वहाणा त्यांच्या शेजारी, एकीला एक लागून.

मला काही समजेना. मी गाणं मागं घेतलं.

"माझ्या…" आई म्हणाली आणि थांबली. आणि त्या थांबण्यात, फार लांबून, लादीवरून, कर्र… कर्र-र्र. कर्र… कर्र-र्र. त्या जुन्या फोनच्या आवाजाला डावं-उजवं नव्हतं. पण जवळ आणि लांब होतं, आणि माझं आयुष्य जवळ आणि लांब ओळखण्यात गेलं होतं. ती करकर जवळ येत होती. व्हरांडा. व्हरांड्याचं वळण. खोलीचं दार. दारापाशी थांबली.

ती थांबली आणि आईनं ओवी उचलली. पण 'माझ्या'ची ओवी सोडून दिली, दुसरीच घेतली.

*चालू द्या हो ठोकणी, नका मोडू कामधंदा,*
*लेकीच्या झोपंमंदी नका आणू जाग औंदा…*

या ओवीचा मला फार राग होता. मरतानासुद्धा आई त्यांच्या कामाचीच आरती गातेय, असं वाटायचं. म्हणून ती संपली की मी नेहमी बंद करायची. पुढं तसंही काही नव्हतं. मावशीला फोन थांबवायचं सुचलं नसावं, नुसता पंखा होता.

त्या दिवशी मी बंद केलं नाही.

पंखा. श्वास. कावळा उडाला. आणि मग आई बोलली. ओवीत नाही, नुसती बोलली, उशीत तोंड असावं इतक्या खालच्या आवाजात. जवळ बसलेल्या मावशीलाही ते नीट लागलं असेल की नाही, कोण जाणे.

"आलासा? …आत या की."

थोडा वेळ काहीच नाही. मग कर्र… कर्र-र्र. कर्र… कर्र-र्र. लांब. आणखी लांब. जिना. आणि संपलं.

"पोरी?" निसारभाई विचारत होते. "काय झालं? नको का हे?"

"हेच द्या," मी म्हणाले.

त्या संध्याकाळचं इथंच सांगून टाकते, कारण पुढं सांगायला सुचणार नाही. तोच हेडफोन लावून मी बसले आणि मला सगळं ऐकू आलं, पलीकडच्या गोदामातला माणूस पाय बदलतोय हेसुद्धा. आम्ही जिंकलो. खाट मिळाली. पुण्याला गेले, तो संघ पुढं फुटला, मी तिथंच आवाजाच्या कामाला लागले. लोक विचारतात, हेडफोन कोणता घ्यावा. मी म्हणते, तुमच्या माणसाचा आवाज लावून बघा, आणि ज्यात तो गोड लागेल तो घेऊ नका.

पण त्या दुपारी मी फक्त उठले, हेडफोनची वायर फोनला तशीच लटकत ठेवून बाहेर आले आणि पायरीवर आबांच्या शेजारी बसले. मध्ये त्यांच्या वहाणा होत्या.

"मिळाला?" त्यांनी रस्त्याकडंच बघत विचारलं.

"आबा, तुम्ही दवाखान्यात आला होता."

त्यांनी हात वहाणांकडं नेला.

"आईच्या खोलीच्या दारापर्यंत. आणि परत गेलात."

त्यांनी एक वहाण उचलली, तळावरची माती अंगठ्यानं खरवडली. "कुनी सांगितलं?"

"तुमच्या वहाणेनं."

त्यांचा अंगठा थांबला. मग बोलायला लागले ते वहाणेशीच बोलावं तसं.

"तिनंच घातली व्हती शपथ. म्हनली, तुमी काम बंद ठिवू नगासा. गल्लीत कुनी मेल्याबिगर तुमची हातोडी कवा थांबली न्हाई. ती थांबली की पोरीला कळंल." त्यांनी वहाण उलटी केली. "म्हनली, आनि मला बघाया बी येऊ नगासा. क्यास गेल्यात, तोंड सुजलंय. तुमी मला बघितलंसा तर तुमचं तोंड उतरंल, आनि रातच्याला पोरीला वाढताना ती तुमचं तोंड वाचंल. ल्हान हाय, पन वाचती."

"मग?"

"मग काय. तू साळंत गेलीस की जायाचो. रोज. दारापतूर. आमचं ठरल्यालं व्हतं. माझी व्हाण वाजली की तिनं गायाचं. आवाज आला, म्हंजे आजचा दीस हाय. मग माघारी. ठोकायला."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मी त्यांच्याकडं वळले.

"हे मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं? मावशी सगळ्यांसमोर म्हणाली तेव्हा तरी?"

"काय सांगायचं? की समद्यांस्नी ठावं व्हतं, आई चालली, आनि तुलाच तेवढं ठावं न्हवतं? तुज्या आईनंच तुज्यापसनं लपीवलं?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "रागावली असतीस तिच्यावर. मेलेल्या माणसावरचा राग फिटत न्हाई, पोरी. माझ्यावर धरलास, बरं झालं. मी हाय की जिता."

मला रडू येत नव्हतं. माझ्या हातात तो कोरड्या आवाजाचा हेडफोन होता, आणि त्यात त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट होती. आईनं शपथ मोडली होती. आत बोलावलं होतं. आणि ते परत निघाले होते.

हे त्यांना ऐकवायचं की नाही? मी वायर बोटांना गुंडाळत राहिले, सोडत राहिले. त्यांनी इतकी वर्षं माझ्यासाठी एक गोष्ट पोटात ठेवली होती. मीही ठेवू शकले असते.

"ह्यात काय हाय?" त्यांनी विचारलं. "सारखी गुंडाळाय लागलीस."

"आई आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा असा झाला, की बघवेना.

"ह्यात? …तू कानाला लावून बसायचीस ती? मला वाटायचं खेळ हाय."

"मावशीनं भरून घेतलं होतं. शेवटच्या दिवसांत." माझा आवाज फुटला. "आबा, ऐकलंत तर त्रास होईल. नको म्हटलंत तर मी बंद करते, परत कधी विषय काढणार नाही."

त्यांनी हात धोतराला पुसले. दोन्ही हात, पुन्हा पुन्हा, नवं कातडं हाताळायच्या आधी पुसायचे तसे. मग मान पुढं केली, लहान पोरानं टोपी घालून घ्यायला करावी तशी.

मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला. त्यांचे कान मोठे होते, कापडाच्या गादीत मावेनात; मी एका हातानं धरून ठेवला. उघड्या जाळीतून मलाही आई ऐकू येत होती, मुंगीएवढी.

पहिली ओवी. त्यांची बोटं गुडघ्यावर हलली. वेणी कुठं ओढली, कुठं सोडली, हे त्या लयीत त्यांना दिसत असणार. मग आईचं थांबणं. त्यांनी झटकन माझ्याकडं पाहिलं. स्वतःची चाल त्यांनी ओळखली होती. मग दुसरी ओवी. इथं त्यांनी मान हलवली, होय, होय, आमचं ठरलं होतं तसंच. ओवी संपली आणि ते उठायला लागले. तेव्हाही ते इथंच वळले असणार.

मी त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं.

पंख्याची बारीक घरघर. श्वास. कावळा.

आणि मग जाळीतून मला काही आलं नाही, इतकं ते हलकं होतं. पण आबांचा खांदा माझ्या हाताखाली दगड झाला. त्यांचे डोळे समोर कुठंतरी लागले, रस्त्यापलीकडं, खूप लांबच्या एका दारावर. पुढची करकर, दूर जाणारी, त्यांनी ऐकली की नाही देव जाणे.

दारामागं निसारभाई येऊन उभे होते. त्यांनी काच उघडून धरली. "आबा, उन्हात का बसलाय? आत या की."

आबा उठले. वायर ताणली गेली, फोन माझ्या मांडीवरून निसटून त्यांच्या मागं लोंबकळत गेला. हेडफोन कानांवरच होता. वहाणा त्यांनी घातल्या नाहीत. उंबऱ्याशी थांबले, सवयीनं. दोन्ही बाजूंना चौकट धरली. मग आधी डावं पाऊल आत टाकलं, मग ओढत उजवं, आणि दवाखान्यातल्या ज्या दारात त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं त्याच दारात उभे असावेत तसे, समोर कुणी नसताना, म्हणाले,

"व्हय गं. आलो."